हात वर करायला शिकवणाऱ्या इंदूकाकी

इंदूकाकींची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी त्यांच्या गावाचं घसघशीत नुकसान करून, वर स्वतःवरच खूश होऊन बसलो होतो. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला कळतं. पण काकींच्या पंचाहत्तरीला लिहायचं तर खरंच लिहिलं पाहिजे. नाहीतर छापलेलं पान हातात घेऊन त्या माझ्या दारात उभ्या राहतील आणि म्हणतील, "ह्यां कोणी लिवल्यान? वाचून दाखव बघू." त्यांचं पूर्ण नाव मुखपृष्ठावर मानाने छापलेलं आहेच. मला ते नाव पहिले दोन महिने ठाऊकसुद्धा नव्हतं. सुरंगवणे गावात लहानथोर त्यांना इंदूकाकी म्हणतात, मीही तेच म्हणत आलो.

मी घाटावरचा माणूस. फोंडाघाट उतरून ग्रामसेवक म्हणून या किनाऱ्यावर पहिल्यांदा रुजू झालो, तेव्हा माझ्याकडे एक बॅग होती आणि ग्रामपंचायतीचा कायदा तोंडपाठ असल्याची घमेंड होती. गावाच्या दोन वाड्या. वरची वाडी रस्त्याला लागून. देऊळ, शाळा, पंचायतीचं कार्यालय सगळं तिथे. खालची वाडी खाडीच्या काठाला, खारबंधाऱ्याच्या आडोशाला. सरपंच होते तात्या. रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे, आणि गळा असा की मंडपात बोलले की बंदरावर ऐकू जावं.

गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवाला घातलेलं साकडं, हे इथल्या वाचकांना सांगायची गरज नाही. पण मला ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिथेच घोटाळा झाला! पंचायतीच्या छपराचं काम चालू होतं, म्हणून माझी पहिली ग्रामसभा देवळाच्या मंडपात भरली. वर्षाच्या विकास आराखड्यात कोणतं काम पहिलं घ्यायचं, हे त्या सभेत ठरायचं होतं. मासिक सभेत कच्ची यादी झाली होती, तिच्यावर गावाने चर्चा करायची होती. सुरुवातीला रिवाजाप्रमाणे गाऱ्हाणं. सगळा गाव उभा राहिला, हात जोडले, डोळे मिटले. तात्यांनी सूर लावला, "बा देवा म्हाराजा, आज ह्यो गाव तुझ्या दारात जमलेलो आसा, तेच्या पोराबाळांक, गुरावासरांक सुखी ठेव रे म्हाराजा!" आणि सगळा मंडप एका आवाजात गरजला, "व्हय म्हाराजा!"

मी चाटच पडलो. काय शिस्त! काय एकी! आमच्याकडे ग्रामसभा म्हटली की पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी खुर्ची उचलतो. मला वाटलं, इथे सभेची पद्धतच ही असणार. गाऱ्हाण्याला शेवट असतो, नारळ ठेवल्यावर ते संपतं, हे मला कुठलं माहीत? मी घाईघाईने पुढे झालो आणि तात्यांच्या हातात कामांच्या यादीचा कागद दिला.

तात्या भरात होते. कागद बघितला आणि त्याच सुरात वाचायला लागले. "ह्या वर्सा पयलां काम, तिठ्यार स्वागत कमान आणि बंदरार सेल्फी पॉइंट, तां निर्विघ्न करून घे रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "आणि खालच्या वाडीच्या बंधाऱ्याच्या दाराचां काम, तां पुढल्या वर्साक ठेव रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि खालची वाडीसुद्धा आपल्याच तोंडाने म्हणत होती, व्हय म्हाराजा! मग नारळ फुटला, प्रसाद वाटला, माणसं पायऱ्या उतरून गेली. चर्चा कधी सुरू व्हायची, असं विचारायला कोणी मागे थांबलंच नाही. त्याच संध्याकाळी मी इतिवृत्तात झोकदार अक्षरात लिहिलं: उपस्थित सर्व ग्रामस्थांनी उभे राहून, हात जोडून, एकमुखाने मंजुरी दिली.

तिसऱ्या दिवशी कार्यालयाच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. नऊवारी नेटकी, चष्मा दोरीला बांधलेला, आणि गळ्यात शिवणकामाची माप घ्यायची टेप. लेकीकडे बांद्याला गेल्या होत्या म्हणून सभेला नव्हत्या. "सायब, परवाच्या सभेचां काय लिवलास, तां वाचून दाखवा." मी म्हटलं, "नकलेसाठी अर्ज करा." त्या म्हणाल्या, "नक्कल नको. वाचा. कानांनी आयकतंय." मलाही ते वाक्य कोणाला तरी ऐकवायची हौस होतीच. वाचलं.

काकींनी मान खाली घालून ऐकलं. मग विचारलं, "चर्चा कोणी केल्यान?"

"चर्चेची वेळच आली नाही, काकी. सगळा गाव एकमताचा."

"खालच्या वाडीची शेवंता होती?"

"पहिल्याच रांगेत. त्यांनीही हात जोडले."

काकी हसायला लागल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आणि मग एकदम थांबल्या. "चला सायब," त्या म्हणाल्या, "चाय घेवक जावया."

आता या चहाबद्दल सांगायला हवं. घरपट्टीच्या कामासाठी मी तोवर दोनदा खालच्या वाडीत जाऊन आलो होतो. वरच्या वाडीत कुठल्याही घरी गेलं की दुधाचा, आलं घातलेला चहा. खालच्या वाडीत मात्र प्रत्येक घरी कोरा, आणि चवीलाही विचित्र. मी मनात धरलं होतं की या लोकांना सरकारी माणसाची किंमत नाही. गोठ्यात म्हैस दिसत होती, तरी कोरा चहा! खरं सांगतो, मी रागावलो होतो.

शेवंताबाईंनी चूल पेटवली, बावीचं, म्हणजे विहिरीचं, पाणी चढवलं, पावडर-साखर घातली आणि कप काढले. काकी म्हणाल्या, "दूध घाल." शेवंताबाई घुटमळल्या. "अगो, पण इंदू…" "घाल म्हणतंय मां!" त्यांनी दूध ओतलं आणि माझ्या डोळ्यांसमोर चहा फाटला. दुधाचे पांढरे तुकडे वर आले, खाली तांबडं पाणी राहिलं. काकींनी तोच कप माझ्यापुढे सरकवला. मी घोट घेतला. खारट!

मग त्यांनी मला बंधाऱ्यावर नेलं. बंधाऱ्याला एक लाकडी दार असतं. भरती आली की पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं आणि आतलं गोडं पाणी बाहेर सोडतं. बस्स, एवढंच यंत्र, पण सगळी वाडी त्याच्या जिवावर. त्या दाराच्या फळ्या कुजल्या होत्या. प्रत्येक भरतीला खाडीचं पाणी आत येत होतं, शेतात बसत होतं, बावीत झिरपत होतं. काकींनी गळ्यातली टेप काढली, गुडघाभर चिखलात उतरल्या आणि माप घ्यावं तसं त्या भोकाचं माप घेतलं. "बेचाळीस इंच. लिवन घेवा." मी लिहून घेतलं. त्या टेपवरचे चिखलाचे डाग पुढे कधी गेलेच नाहीत, आणि त्याच टेपने त्या अजून गावाची मापं घेतात.

परत येताना शेवंताबाईंनी सगळं सांगितलं. वाडीतल्या चार घरांना आधीच कुलपं लागली होती. शेवंताबाईंचा स्वतःचा मुलगा मुंबईला. त्याने बजावलं होतं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पाणी सुधारलं नाही तर घर बंद कर आणि माझ्याकडे ये. बाई पहाटे वरच्या वाडीतून दोन कळश्या आणायच्या. आता गुडघे साथ देत नव्हते. "थंय खोलयेत माका बसान रवाचा लागतला," त्या म्हणाल्या. "म्हशीक खंय ठेवू?"

मी वैतागून म्हटलं, "पण बाई, हे काम पुढच्या वर्षी ठेवा म्हटल्यावर तुम्ही स्वतः हो म्हणालात! हात जोडून!"

"मी देवाक व्हय म्हटलंय!" शेवंताबाई कडाडल्या. "तुमच्या कागदाक कोण म्हणता?"

माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. इंदूकाकी मात्र ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "चुकी झाली. आता निस्तरूया." 'निस्तर' म्हणाल्या नाहीत, 'निस्तरूया' म्हणाल्या. वर्षं लोटली, पण हे मी विसरलेलो नाही.

निस्तरणं सोपं नव्हतं. मंजूर ठराव बदलायचा तर पुन्हा ग्रामसभा, आणि तिला गणपूर्ती हवी. शिवाय आधीची सभा कशी झाली, हे मलाच लेखी कबूल करावं लागणार. माझी पहिली नेमणूक होती. मी काकींना म्हटलं, "नोकरीवर येईल हो." काकी शिवणाच्या मशीनवर बसल्या होत्या, पाय थांबला नाही. "तुझी नोकरी जावची नाय, झिला. शेवंताचां घर मात्र जायत." तोवर मी 'सायब' होतो, त्या क्षणी त्यांचा 'झील', म्हणजे मुलगा, झालो. त्याच दुपारी कबुली लिहिली, आणि तात्यांनी खाली सही केली.

तात्यांबद्दल गावात कुजबुज सुरू झाली होती. सरपंचाने मुद्दाम देवाच्या नावावर ठराव घुसवला, असं काहीजण बोलायला लागले आणि काकींनी तेच सभेत बोलावं म्हणून त्यांच्या ओट्यावर येऊन बसू लागले. काकींनी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं. "तात्यान फसवल्यान नाय. तेचो गळोच तसो. तो दुधाचो हिशोब पण त्याच सुरात सांगता." उलट, बंधाऱ्याचा नवा ठराव तात्यांनीच मांडावा, असा आग्रह त्यांनी धरला. ज्याची चूक झाली त्यालाच ती दुरुस्त करायचा मान द्यायचा, ही काकींची रीत. पुढे कित्येक भांडणं मी त्यांना याच रीतीने मिटवताना पाहिलं.

आणि गणपूर्ती! ती हकिकत सांगितली नाही तर हा लेख अपुरा. काकी गावाच्या शिंपीण. शाळा सुरू व्हायचे दिवस, घराघरातून गणवेश, ब्लाउज, परकर शिवायला पडलेले. सभेच्या आधीच्या आठवड्यात जो कोणी विचारायला आला त्याला एकच उत्तर: "शिवून झालां. सभेत घेवन जा." सभेच्या दिवशी मंडपात एका खांबाशी माझं हजेरीपुस्तक आणि दुसऱ्या खांबाशी काकींची गाठोडी. आधी सही, मग कपडा! माणसं हसत होती, चिडत होती, पण येत होती. मंडप भरला, पायऱ्या भरल्या, माणसं तुळशीवृंदावनापर्यंत गेली. एवढी ग्रामसभा मी त्याआधी पाहिली नव्हती आणि त्यानंतर ज्या गावांत नोकरी केली तिथेही पाहिली नाही.

गाऱ्हाणं झालं. नारळ ठेवला. तात्या कागद उचलणार, तेवढ्यात काकी उभ्या राहिल्या. "थांबा. सगळ्यांनी जोडलेले हात सोडा. डोळे उघडा. बसा." गाव बसला. मग त्या म्हणाल्या, "गाराण्याक हात जोडूचे. ठरावाक हात वर करूचो. आणि हात वर करूच्या आधी चार शब्द भांडूचे." बस, एवढंच भाषण. सुरंगवण्यात आजही ग्रामसभा याच क्रमाने चालते.

भांडण मात्र दणक्यात झालं! कमानीच्या बाजूने प्रशांत होता. मुंबईची नोकरी सोडून आलेला, घराच्या माडीवर पर्यटकांसाठी दोन खोल्या काढलेला, पंचायतीचा सदस्य. हुशार, तोंडाचा तिखट. तो उठला की त्याच्या बाजूची पोरं टाळ्या पिटत. काकींनी त्याला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "प्रशांत, आधी तुझां मी सांगतंय. माझां मगे." आणि त्यांनी त्याची बाजू मांडली. गाड्या तिठ्यावरून, तीन रस्ते मिळतात तिथून, सरळ मालवणला निघून जातात, आपल्या गावाची पाटीसुद्धा कोणाला दिसत नाही. प्रशांतच्या खोल्या रिकाम्या पडतात. कमान झाली तर गाड्या वळतील, आणखी चार पोरं मुंबईहून परत येतील. गाव तरुणांनी भरलेला हवा, यात चुकीचं काय? बोलल्या अशा की मलाच कमानीला मत द्यावंसं वाटायला लागलं. "बरोबर सांगलंय मां?" प्रशांत गोंधळून म्हणाला, "होय काकी. अगदी बरोबर."

"आता तू शेवंताचां सांग."

प्रशांतने सुरुवात केली, "खालच्या वाडीक पाण्याची जरा अडचण आसा…" "जरा?" शेवंताबाईंनी मागून विचारलं. त्याने पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा अडला. कारण त्याला ठाऊकच नव्हतं. चार पावलांवर वाडी, पण तिथल्या बावीचं पाणी त्याने कित्येक वर्षांत चाखलेलं नव्हतं. "खालच्या वाडीतली माणसां कोरीच चाय पितत," तो म्हणाला, "आवडता म्हणान." तिथे मला राहवलं नाही. सचिवाने सभेत मध्ये बोलू नये, हा नियम माहीत असूनही मी उठलो आणि म्हणालो, "मीही त्या चहाचा चुकीचाच अर्थ लावला होता." आणि फाटलेल्या चहाची गोष्ट सगळ्या गावासमोर सांगितली.

प्रशांतने मग एकच प्रश्न विचारला, आणि तो रास्त होता. "मगे कमान कधी?" काकी म्हणाल्या, "पुढल्या वर्सा. ठराव मी मांडतलंय." "लिवन घेवा, सायब," प्रशांत मला म्हणाला. मी लिहून घेतलं. पुढच्या वर्षी काकींनी खरोखरच तो ठराव मांडला आणि भांडून मंजूर करून घेतला. आज तिठ्यावर जी कमान दिसते तिच्या ठरावावर सूचक म्हणून काकींचं नाव आहे. प्रशांतच्या खोल्यांचे पडदेही त्यांनीच शिवून दिले.

त्या दिवशीचं मतदान मी जन्मात विसरणार नाही. तात्यांनी बंधाऱ्याचा ठराव वाचला आणि सवयीने स्वतःच हात जोडले. सगळा मंडप हसला. मग हात वर व्हायला लागले. पायऱ्यांवरच्या एका आजोबांनी दोन्ही हात वर केले. त्यांना सांगावं लागलं, आजोबा, माणशी एक. मी मोठ्याने मोजत होतो. सात हात विरोधात वर झाले. काकींनी बजावलं, त्या सातांची नावं व्यवस्थित लिही, त्यांनीही विचार करूनच हात वर केलाय. ठराव मंजूर झाला. शेवंताबाईंनी गाठोड्यातून आपला शिवलेला परकर घेतला आणि म्हशीची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.

दार बसलं, पण बाव लगेच सुधारत नाही. जमिनीतलं मीठ पावसाने धुऊन जावं लागतं. पहिला पावसाळा गेला, पाणी खारटच. मुलाने दिलेली उन्हाळ्याची मुदत उलटली, त्याचे मुंबईहून फोन येत राहिले, पण शेवंताबाई हलल्या नाहीत. काकी दर आठवड्याला खालच्या वाडीत जायच्या, घोटभर पाणी प्यायच्या आणि मान हलवून परत यायच्या. दुसरा पावसाळा सरला, आणि एका सकाळी काकींचा फोन आला. "खंय आसस? चाय घेवक ये. पळत ये!"

आम्ही तिघं शेवंताबाईंच्या चुलीपुढे उकिडवे बसलो. पाणी उकळलं. पावडर-साखर पडली. शेवंताबाईंनी दुधाचं भांडं हातात घेतलं आणि काकींकडे बघितलं. काकी म्हणाल्या, "घाल." दूध पडलं. आम्ही पातेल्यात डोकावून बघत राहिलो. एक उकळी आली, दुसरी आली. चहा तसाच! नीट, घट्ट, तांबूस! शेवंताबाईंनी काकींच्या पाठीत असा धपाटा घातला की काकींचा चष्मा चुलीत पडता पडता वाचला. मग दोघी रडायला लागल्या आणि मी पण. तो चहा मी तीन कप प्यालो. शेवंताबाईंचं घर उघडं राहिलं, आणि कुलूप लागलेल्या चार घरांतली दोन पुढच्या गणपतीत उघडली, ती पुन्हा बंद झाली नाहीत.

काकींच्या मायेबद्दल लिहायचं तर पानं पुरणार नाहीत. एका श्रावणात मला ताप भरला, खोलीवर एकटा पडून होतो. काकी चार दिवस दोन्ही वेळेला उकड्या तांदळाची पेज आणि वर भाजलेला पापड घेऊन आल्या. कपाळावर हात ठेवायच्या, आणि ताप उतरल्याची खात्री झाली त्याच मिनिटाला म्हणाल्या, "बरो झालंस मां? मगे ग्रामसभेची नोटीस काढ. तारीख जवळ इली." आणि माझी बदली झाली तेव्हा? गावाने बदली रद्द करावी म्हणून ठराव मांडला. मी मनातून सुखावलो होतो. विरोधात बोलायला एकच बाई उभी राहिली. "चांगलो मानूस आमी काय कपाटात ठेवतलंव? दुसऱ्या गावाक पण व्हयो आसा." मला तेव्हा फार लागलं. जाताना त्यांनी स्वतः शिवलेला सदरा हातात दिला आणि तोंड फिरवून मशीनकडे गेल्या. ज्या ज्या गावात गेलो तिथे पहिल्या सभेला तो सदरा घातला. आता कॉलर विरलीय.

सध्या मी फोंडाघाटाच्या बाजूला असतो. महिन्यापूर्वी सुरंगवण्याहून फोन आला. प्रशांत बोलत होता. आता तोच सरपंच आहे. "सायब, लवकर या. काकींच्या पंचाहत्तरीच्या सत्काराचो ठराव मांडलेलो आसा आणि काकीच तो अडवून बसल्यात!" गाडी काढली आणि निघालो.

पोचलो तेव्हा वाद रंगात आला होता. काकी खांबाला टेकून उभ्या, गळ्यात तीच टेप. "सत्कार कित्याक? शाळेच्या न्हाणयेचां दार मोडलेलां, तां आधी. पोरी शरमतत." प्रशांत म्हणाला, "काकी, आधी तुमचां मी सांगतंय," आणि त्याने काकींची बाजू मांडली. शाळेच्या दाराची, पोरींच्या शरमेची, सगळी, एकही गोष्ट न गाळता. दाराचं काम त्याने तिथल्या तिथे पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि विचारलं, "बरोबर सांगलंय मां?" काकींना 'व्हय' म्हणावंच लागलं. मग तो म्हणाला, "आता तुमी आमचां सांगा. हो गाव तुमचो सत्कार कित्याक करता, तां."

मी काकींना बोलताना अडलेलं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. टेपशी चाळा करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "माका नाय सांगूक येवचां." मागून शेवंताबाई उठल्या. "मगे बस खाली. आमी सांगतंव." मतदान झालं. मंडपभर हात वर झाले. मला मताचा हक्क नव्हता, तरी माझाही गेला. विरोधात एक हात वर झाला, ताठ, कोपरापासून सरळ. नवीन ग्रामसेविका माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "लिहा, बाई. नाव नीट लिहा. त्यांनी विचार करून वर केलाय." काकींनी एकच अट घातली: शाल-नारळ नको, खालच्या वाडीत बावीजवळ सगळ्यांना दुधाचा चहा. त्या चहाच्या दिवशी हा ग्रंथ त्यांच्या हातात असेल.

तेव्हा शेवटी घाटावरच्या या माणसाचं, इथेच शिकलेलं गाऱ्हाणं. बा रवळनाथा म्हाराजा, आमच्या काकींचे डोळे सुईत दोरा ओवण्याइतके लख्ख ठेव, गुडघे बंधाऱ्यावर उतरण्याइतके धड ठेव, आणि शंभराव्या वर्षीही एखाद्या घमेंडखोर नव्या ग्रामसेवकापुढे जाऊन "वाचून दाखव" म्हणायचा दम ठेव रे म्हाराजा! हात जोडून झाले. आता ग्रंथ मांडीवर ठेवा, डोळे उघडे ठेवा आणि ज्यांना ज्यांना हे मंजूर असेल त्यांनी हात वर करा. विरोधात एक मत पडणार आहे. त्या नावासाठी इतिवृत्तात मी आधीच जागा सोडली आहे.